पोस्टरचे काठ

फीत कापायला कालिंदीच्या हातात कात्री दिली, तोवर ती रागावलेली नव्हती. उलट थोडी संकोचली होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते, हातात काठी होती, आणि दमयंतीनं, तिच्या भावजयीनं, सकाळीच कपाटातून नवी साडी काढून "अक्का, आज हीच नेसा" म्हणून पुढं ठेवली होती. एवढं कौतुक या घरात आपल्या वाट्याला का आलंय, हे तिला कळत नव्हतं.

क्रांती चौकापासून जवळच, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिच्या भाच्यानं, मधूनं, कॅफे काढला होता. नाव 'टोकियो कट्टा'. मिळायचं तिथं मोमो, नूडल्स आणि मसाला चहा.

"आत्या, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत," मधू म्हणाला आणि दंडाला धरून तिला आत घेऊन गेला. "हां, आता बघ!"

कालिंदीनं बघितलं. समोरची सगळी भिंत तिच्या पोस्टरांनी भरलेली होती. तिनं उभ्या जन्मात गोळा केलेली, जुन्या मऊ साड्यांत गुंडाळून ठेवलेली जपानी सिनेमांची पोस्टरं. तलवार उपसलेला दाढीवाला, चिमणीच्या धुरात उभी कामगार पोरगी, शहरावर पाय ठेवणारं काळं जनावर. सगळी जाड बोर्डावर चिकटवलेली. वरून चकचकीत प्लास्टिक. कडा तिरक्या तासून त्यांना सोनेरी रंग दिलेला, देवघरातल्या बालाजीच्या फोटोला असतो तसा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या खांद्यावर शाल घातली. "आत्यांना भरून आलं बघा," कुणीतरी म्हणालं.

भरून आलं नव्हतं. कालिंदी काठी टेकत भिंतीच्या मधोमध लावलेल्या पोस्टरपाशी गेली. समुद्राकडं पाठ करून उभी असलेली एक बाई, हातात मिटलेली छत्री. कालिंदीनं बाईच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. वाकून पायांकडं पाहिलं. पावलं थेट सोनेरी कडेला टेकली होती. पावलांखाली काहीच नव्हतं.

"काठ कुठंयत?" तिनं विचारलं.

"कसले काठ?"

"खालची पांढरी पट्टी, मधू. चारी बाजूंची."

"अगं ती पिवळी पडली होती, डाग पडले होते. उडवली. किती फ्रेश दिसायलंय बघ ना!"

तेव्हा तिला राग आला. आणि आला तो गेलाच नाही.

*

कालिंदी परतूरकर तरुणपणी स्टेशन रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर होती. वेरूळ-अजिंठ्याला जपानी पाहुण्यांच्या टोळ्याच्या टोळ्या यायच्या, बुद्धासाठी. मॅनेजरनं तिला कामापुरती जपानी वाक्यं पाठ करायला लावली. बाकीच्यांनी तेवढीच केली. कालिंदीनं पाहुण्यांनी खोलीत सोडलेली मासिकं, वेळापत्रकं, औषधांच्या डब्या, जे मिळेल ते वाचायला सुरुवात केली.

एकदा एका तरुण पाहुणीनं भेटीची बाहुली ज्या कागदात गुंडाळून आणली होती, तो कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला. कालिंदीनं तो उचलून काउंटरवर सरळ केला. सिनेमाचं पोस्टर निघालं. पाहुणी परत आली, तिनं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून हसली. तिचं नाव हारुए. उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका लहान गावात तिच्या वडिलांचं टॉकीज होतं. घरात असल्या कागदांच्या राशी पडल्यात, म्हणाली. तुला पाहिजेत? मग मला तुमच्याकडचे दे. गुलमंडीवर एक माणूस शिडीवर चढून भिंतीला पोस्टर डकवत होता, तसले.

तो माणूस म्हणजे फकिरा. टॉकीजचा पोस्टर लावणारा. हातात खळीची बादली, खांद्यावर शिडी. कालिंदी त्याच्याकडून न डकवलेले कागद मागून घ्यायची. "बाईसाब, लोगां टिकट मांगते, तुम कागज मांगते," तो म्हणायचा आणि द्यायचा. कागदाला कागद, असा तिचा आणि हारुएचा व्यवहार पुढं कितीतरी वर्षं पोस्टानं चालला. तिकडून नळकांडं आलं की इकडून नळकांडं जायचं.

घरात याला कुणी छंद म्हटलं नाही. धाकटा भाऊ श्रीनिवास जुनी नाणी जमवायचा, तो त्याचा छंद. पाहुण्यांपुढं त्याचा अल्बम निघायचा, सोबत चिवडा निघायचा. कालिंदीचं मात्र खूळ. परतूरकरांची मुलगी टॉकीजच्या मागच्या दाराशी उभी असते, हे समर्थनगरात आईच्या कानावर आलं, तेव्हा आईनं तिला विचारलं नाही, रडून घेतलं. लातूरची एक मंडळी बघायला आली होती. मुलाच्या आईला हात धुवायला जाताना उघड्या कपाटात एक तलवारवाला दिसला. "मुलीला नटांचा नाद दिसतो," असा निरोप आला. त्यानंतर आईनं निरोप मागवणंच बंद केलं, आणि कालिंदीनं कपाटाला कुलूप घातलं.

सगळं सांभाळायचं कसं, हे तिला हारुएनं शिकवलं. चिकटपट्टी लावायची नाही. खळ लावायची नाही. ऊन दाखवायचं नाही. आणि काठाला हात लावायचा नाही. मधलं चित्र देशभर सारखंच असतं, हारुए सांगायची, कागद कुठल्या गावच्या टॉकीजवर लागला ते काठावरच्या शिक्क्यावरून कळतं. तिचे वडील प्रत्येक पोस्टरच्या खालच्या पट्टीवर उजव्या कोपऱ्यात तांबडा गोल शिक्का मारायचे. टॉकीजचं नाव, गावाचं नाव. कधी शिक्का तिरका पडायचा. हारुए म्हणायची, ते तिरके माझे. वडील मला मारू द्यायचे.

मग एके वर्षी समुद्र त्या गावात शिरला. कालिंदीनं ते टीव्हीवर पाहिलं. काळं पाणी, पाण्यावर घरं. हारुए वाचली, कारण ती त्या दिवशी दुसऱ्या गावी दवाखान्यात होती. टॉकीज गेलं, घर गेलं, माळ्यावरच्या राशी गेल्या, वडिलांचा फोटोसुद्धा गेला. कालिंदीनं कळवलं, तुझ्या वडिलांच्या शिक्क्याची पोस्टरं माझ्याकडं आहेत, लगेच पाठवते. हारुएनं नको म्हटलं. आत्ता मला भिंत नाही. भिंत झाली की मी स्वतः न्यायला येईन. तोवर तुझ्याकडं राहू देत.

ठेव होती ती. दुसऱ्याची.

आता हारुएला भिंत झाली होती. जानेवारीत ती येणार होती. कालिंदीनं हे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितलं होतं. शिक्क्याची वेगळी काढलीत, म्हणाली, वरच्याच खणात, जांभळ्या साडीत. श्रीनिवासनं ताक मागितलं. मधू मोबाईलवर काहीतरी बघून हसत होता. दमयंती म्हणाली, "जपानी बाई आपलं जेवण जेवते का हो?"

नंतर ऑपरेशन आलं. आत नेताना अंगावर दागिना ठेवू देत नाहीत. बांगड्या, साखळी आणि कपाटाच्या किल्ल्या कालिंदीनं दमयंतीच्या हातात दिल्या, जशा कुठल्याही घरात दिल्या जातात.

*

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी ती रिक्षा करून गुलमंडीच्या मागच्या बोळातल्या लॅमिनेशनवाल्याकडं गेली. सांडू त्याचं नाव. दुकानात सगळीकडं देव, दहावीची सर्टिफिकेटं आणि मेलेली माणसं वाळत ठेवलेली.

"कात्रण?" सांडू म्हणाला. "कात्रण कोन ठिवतं बाई? थंडीचे दिस हायत. सांजच्याला समद्यायची शेकोटी होती."

"तांबडे शिक्के होते त्याच्यावर."

"व्हते की. म्या इचारलं बी तुमच्या पोराला. म्हनलं, दादा, काठ ठिवू का उडवू? ते फोनवरच व्हते. म्हनले, उडव, बोर्डात बसाया पायजे."

"आता बोर्डावरून निघेल का कागद?"

सांडूला हा प्रश्न म्हणजे आपल्या कामावर शंका वाटली. त्यानं एका गणपतीवर नख मारून दाखवलं. "नाय निघत. फाटंल, पर निघायचा नाय. लाइफटाइम ग्यारंटी हाय आपली."

त्याच्यावर रागावून उपयोग नव्हता. त्यानं निदान विचारलं तरी होतं.

घरी आल्यावर कालिंदी पायरीवर चप्पल काढायच्या आतच बोलायला लागली. श्रीनिवास पेपर वाचत होता, दमयंती मटार सोलत होती.

"त्यानं विचारलं होतं, श्रीनिवास. लॅमिनेशनवाल्यानं विचारलं होतं, काठ ठेवू का."

"अक्का, बस आधी. गुडघा बघ." श्रीनिवासनं पेपर घडी करून ठेवला. "झाली असेल पोराची चूक. पण हेतू बघशील का नाही? तुझ्या कौतुकासाठी केलं त्यानं. फीत तुझ्या हातानं कापवली. आमच्या हातानं नाही."

"मला फीत नको होती. माझं कपाट होतं तसं पाहिजे होतं."

"आम्ही काय विकून खाल्लं का ते?" दमयंती म्हणाली. "भिंतीवर तर हायत सगळे. कपाटात डांबराच्या गोळ्या खात पडले होते, आता चार लोक बघायलेत, नावाजायलेत. तुम्हाला त्याचंही दुखायलंय."

"दमयंती, तुझी लग्नातली पैठणी आण."

"का?"

"काठ कळकटलेत तिचे. कापून आणते. मधलं सगळं शाबूत राहील. वरून प्लास्टिक मारून आणते, हॉलमध्ये लाव. चार लोक नावाजतील."

दमयंतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पैठणीची आन् कागदाची बरोबरी करता का अक्का?"

"मी करते. तू करत नाहीस, हे मला माहीत होतं. तरी किल्ल्या तुलाच दिल्या, हे माझं चुकलं."

"ऐकलं का हो?" दमयंती नवऱ्याकडं वळली. "दवाखान्यात रात्री काढल्या मी यांच्या उशाशी. बेडपॅन दिलं मी. आन् आता मी चोर."

हे खरं होतं. दमयंतीनं बेडपॅन दिलं होतं, आणि त्याच आठवड्यात कपाटही उघडून दिलं होतं. दोन्ही तेवढ्याच आपलेपणानं. या घरात कुणी कुणाचं वाईट करायला म्हणून काही करतच नाही, कालिंदीला वाटलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट करणाऱ्याशी भांडता तरी येतं.

श्रीनिवासनं मग घसा साफ केला. "ती जपानी बाई यायची आहे. तिला काय सांगायचं ते ठरवून ठेवू. वाळवी लागली म्हणावं. आपल्याकडं लागतेच वाळवी."

"घरचं घरात राहिलेलं बरं," दमयंती म्हणाली.

"घरचं?" कालिंदी म्हणाली. "घरचं कुठं होतं ते?"

तिनं खोलीत जाऊन हारुएला फोन लावला आणि जपानीत, आडवळण न घेता सांगितलं. तुझ्या वडिलांचा शिक्का राहिला नाही. माझ्या घरच्यांनी कापला. मग हारुए म्हणाली, "तिकीट काढलेलं आहे. येते."

*

ती येणार म्हटल्यावर मधूला मात्र उत्साह आला. अस्सल जपानी पाहुणी टोकियो कट्ट्यावर. त्यानं फेसबुकवर टाकलं, मित्रांना बोलावलं, ग्रीन टीची पाकिटं मागवली. "आत्या, तू अजून रागावलीस का?" तो मधूनमधून विचारायचा, दारात उभं राहून, डोकं एका बाजूला करून, लहानपणी गोळी मागताना करायचा तसं. "बास ना आता." जणू राग म्हणजे ताप, चार दिवसांत उतरायला पाहिजे.

हारुए आली. केस पांढरे, पाठीला जरा बाक, पायात पांढरे बूट. कालिंदी तिला घेऊन संध्याकाळी कॅफेत गेली. टेबलं भरलेली होती. श्रीनिवास आणि दमयंती कोपऱ्यात सजून बसले होते. मधूनं कमरेत वाकून नमस्कार केला, व्हिडिओत बघून शिकलेला.

हारुए छत्रीवाल्या बाईपुढं जाऊन उभी राहिली. तिनंही आधी खालीच पाहिलं. मग सावकाश वळून, हात मांडीवर ठेवून, म्हणाली, "किरेइ देसु ने."

"काय म्हणाल्या?" मधूनं विचारलं.

"सुंदर आहे, म्हणाली."

"बघ!" मधूनं टाळी वाजवली. "बघ आत्या! ज्यांचं आहे त्यांना आवडलं, आन् तू उगाच एवढे दिवस..." त्यानं मोबाईल काढला. "आत्या, तू मधे उभी राहा."

दमयंतीनं तिकडून नवऱ्याला कोपर मारलं. सुटलो एकदाचे, अशा अर्थाचं.

जपानी माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहून दुसरं काय म्हणणार, हे कालिंदीला पुरतं ठाऊक होतं. तिनं हॉटेलात शेकडो वेळा ऐकलं होतं ते. गार चहाला, फाटक्या चादरीला, बंद पडलेल्या पंख्याला. आणि तिला हारुएचाही राग आला. एवढ्या लांबून येऊन हेच बोलायचं होतं तर!

"मोबाईल ठेव," ती मधूला म्हणाली. "काय केलंस ते तिला तुझ्या तोंडानं सांग. मी शब्दाला शब्द सांगते."

"आत्या, लोक आहेत."

"आहेत ना. लोकांना दाखवायचं होतं तुला."

जवळच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मधूनं बापाकडं पाहिलं. बाप छताकडं बघत होता.

"सांग त्यांना," मधू अखेर पुटपुटला, "आम्हाला माहीत नव्हतं."

"खोटं मी सांगणार नाही. माहीत होतं. जेवताना सांगितलं होतं मी, तुझ्यासमोर. जांभळी साडी म्हणून सांगितलं होतं. आणि लॅमिनेशनवाल्यानं विचारलं होतं."

"माझं लक्ष नव्हतं गं!"

"हे खरं," कालिंदी म्हणाली. "हे सांगते."

आणि तिनं ते हारुएला सांगितलं. त्याचं लक्ष नव्हतं. मी बोलत होते तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. मग ती तशीच पुढं बोलत राहिली. तू सुंदर म्हणू नकोस. तू म्हणालीस की हे लोक आज सुखानं झोपतील. मी यांच्यात जन्म काढलाय, मला माहीत आहे.

हारुएनं ऐकून घेतलं. मग पुढं होऊन तिनं सोनेरी कडेवरून नख ओढलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काहीतरी विचारलं. कालिंदीनं बोट करून उत्तर दिलं.

"काय विचारलं?" मधूचा आवाज बारीक झाला होता.

"कुणी कापलं, म्हणून विचारते."

"मग तू काय सांगितलंस?"

"तुझं पूर्ण नाव. बापाच्या नावासकट."

हारुए मधूकडं बघत राहिली. वाकली नाही, हसली नाही. मधूनं मोबाईल खिशात घातला. तो भिंतीशी गेला आणि स्वतःच छत्रीवाल्या बाईचा बोर्ड खिळ्यावरून उतरवायला लागला.

"अरे, काय करायलास?" दमयंती उठली. "भिंत ओकीबोकी दिसेल ना! गिऱ्हाईक बसलंय!"

"दिसू दे," कालिंदी म्हणाली. "हारुएची आज जातील. माझी मी उद्या नेते."

"अक्का, शोभतं का हे? या वयात, चारचौघांत..."

"श्रीनिवास, तू तुझी नाणी मोज."

शिक्क्याचे बोर्ड खाली रिक्षात चढवले. जड होते. शिक्का नसलेले शिक्क्याचे बोर्ड. ते विमानात कसे जाणार, जाऊन त्यांचं तिकडं काय होणार, दोघींनाही माहीत नव्हतं. हारुएनं छत्रीवाली बाई स्वतःच्या मांडीवर घेतली. चौकात सिग्नल लागला. वाळूजच्या कारखान्यांतून परतणाऱ्या कंपनीच्या बसगाड्या हॉर्न देत उभ्या होत्या.

हारुए समोर बघत एक शब्द बोलली. दात आवळून, हळू. कालिंदीनं तो कुठल्याही मासिकात वाचला नव्हता, कुठल्याही पाहुण्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

हारुएनं समजावून सांगितलं. नीट, उदाहरणासकट. समुद्र शिरला तेव्हाही मी हा उच्चारला नव्हता, म्हणाली. समुद्राला काय म्हणणार.

कालिंदीनं तो दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या वेळी जमला. मग तिनं आपल्याकडचा सांगितला. ऐकलेला होता, पण परतूरकरांच्या मुलीनं आयुष्यात कधी तोंडातून काढला नव्हता. हारुएला तो पहिल्याच झटक्यात आला, आणि चांगला मोठ्यानं आला.

रिक्षावाल्यानं दचकून आरशातून मागं पाहिलं. काठी धरलेली एक म्हातारी, मांडीवर फोटो घेतलेली दुसरी.

"पुढं बघ," कालिंदी त्याला म्हणाली. "सिग्नल सुटला."